गुरुजींच्या घरात चौथी आली!

ऐकलंत का? गुरुजींच्या घरात चौथी आली!

गाव उठायच्या आत छोट्या हत्तीतून उतरवली म्हणे. सोबत पवनीकडचा एक कबाडी आणि उचलायला दोन पोरं. अंगावर गोणपाट पांघरलेलं, कोणाची नजर पडू नये म्हणून. पण शेजारणीची खिडकी आणि कोंढ्याचा चौक यांच्यात अंतर ते किती? दूधवाला यायच्या आत सगळ्यांना तपशील पाठ. रंगानं काळी कुळकुळीत. कंबर बारीक. अंगभर सोनेरी नक्षी. वय शंभरीला टेकलेलं. माहेर स्कॉटलंड. गुरुजी म्हणे तिच्यासमोर गुडघे टेकून बसले, चष्मा कपाळावर चढवला, मोबाईलचा टॉर्च लावला आणि तिच्या पायाशी उठवलेले आकडे बोटानं चाचपू लागले. मास्तरीणबाई दारात उभ्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही, एवढंच विचारलं, "पहिल्या तिघी का शिवून राहिल्या, ते आधी सांगा न."

मुद्दा बिनतोड आहे. त्या घरात चार शिलाई मशिनी आहेत आणि गुरुजींचा सदरा तुटलेलं बटण लावायला चौकातल्या टेलरकडे जातो.

गुरुजींचं नाव मी सांगणार नाही. कोंढ्या-कोसऱ्यात सांगायची गरज नाही आणि बाहेरच्यांना सांगून उपयोग नाही, कारण असा एकेक गुरुजी आता गावोगाव निघाला आहे. कुठं निवृत्त तलाठी, कुठं बँकेतला कॅशियर, कुठं नुकतीच नोकरी लागलेला, पण लग्नाचं नाव न काढणारा इंजिनियर. सगळ्यांना एकच खूळ: जुन्या शिलाई मशिनी हुडकायच्या, त्यांच्या जाती-पोटजाती ओळखायच्या आणि दोन मशिनींमधला असा फरक दाखवायचा, जो त्या मशिनींना स्वतःलासुद्धा माहीत नसेल. पूर्वी पोस्टाची तिकिटं जमवणारे होते, त्यांचं निदान वहीत मावायचं. या छंदाचा एकेक नमुना बिडाचा. तो माडीवर चढवायला चार माणसं लागतात आणि उतरवायला घरातलं भांडण.

आता या मंडळींच्या बैठकीत कधी बसलात तर आधीच सांगून ठेवते, "छान आहे हो मशीन" म्हणायचं नाही. तो अडाणीपणा. आधी नंबर विचारायचा.

सिंगरच्या मशिनीला उजव्या बाजूला, खांबाच्या पायथ्याशी, नंबर उठवलेला असतो. 1900 पासून त्या नंबरापुढे इंग्रजी अक्षर लागायला लागलं, त्याआधीच्यांना नुसते आकडे. अक्षरावरून माहेर कळतं. वाय असेल किंवा ईए, ईबी अशी जोडी असेल तर स्कॉटलंडमधलं क्लायडबँक. जी किंवा एए असेल तर अमेरिकेतलं एलिझाबेथपोर्ट. सी असेल तर जर्मनीतलं विटेनबर्गे. मॉडेलच्या नावात 'के' आला, जसं 15के, तर तो के किलबोवीचा. क्लायडबँकचा कारखाना ज्या जागी उभा होता तिचं नाव किलबोवी. गुरुजींची चौथी वायवाली निघाली, म्हणजे 1920 चं दशक किंवा फार तर 1930 च्या दशकाची सुरुवात. हे कळलं तेव्हा गुरुजींनी अड्याळच्या एका जोडीदाराला फोन लावून जे काय सांगितलं, ते ऐकून शेजारणीला वाटलं मुलाचं लग्न जमलं.

यात एक गोम आहे, आणि ती छंदवाले नवख्याला लवकर सांगत नाहीत. कंपनीच्या वहीत जी तारीख असते ती नंबरांचा गठ्ठा कारखान्याला वाटून दिल्याची. मशीन प्रत्यक्षात कधी जुळवली, कधी जहाजात चढली, कधी विकली, ते त्या तारखेवरून कळत नाही. आपल्याकडच्या शाळेच्या दाखल्यावरच्या जन्मतारखेसारखं आहे ते. अर्धा वर्ग एकाच तारखेला जन्मलेला, आणि ती तारीख टाकणारे गुरुजीच. तरी हेच गुरुजी आता मशिनीचा वाढदिवस साजरा करायच्या गोष्टी करून राहिले आहेत.

नंबर झाला की अंगकाठी. 27 आणि 28 नंबरच्या जातीत शटल लांबट, बंदुकीच्या गोळीच्या घाटाचं, आणि बॉबिनही लांब काडीसारखी. 15 च्या जातीत बॉबिन गोल, डबीत घालून डाव्या बाजूनं उभी बसवायची. 66 मध्ये तीच वरून आडवी टाकायची. 12 नंबर सगळ्यांत थोरली. 1865 च्या सुमाराची, बैठक व्हायोलिनच्या आकाराची. तिची सुई आता कोणी बनवत नाही, म्हणून ती ज्याच्याकडे असते तो सुईला सोन्याच्या काडीइतकं जपतो. मग चाक भरीव की आऱ्यांचं, टाका लहानमोठा करायला नुसता स्क्रू की वरखाली होणारी कळ, तोंडपट्टीवर द्राक्षाचा वेल की साध्या रेघा, असं करत करत हे लोक दुपार काढतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे क्रोमची टंचाई झाली आणि चकाकणारे भाग काळे करून बसवले गेले. आता त्या काळतोंड्या मशिनींनाच मान. टंचाईतला नाइलाज ऐंशी वर्षांनी दुर्मीळ ठरतो, बघा!

नक्षीचं तर विचारूच नका. एकीच्या अंगावर इजिप्तचा स्फिंक्स. तिला हे लोक 'मेम्फिस' म्हणतात. एकीवर लाल-सोनेरी डोळे, ती 'रेड आय'. क्लायडबँकच्या 66 वर बहुतेक कमळं. कमळवाली विकत घेताना आमच्या गुरुजींना दोघांनी आडून आडून विचारलं की निवडणूक जवळ आली का. गुरुजी छंदाच्या बाबतीत विनोद चालवून घेत नाहीत. त्यांनी अर्धा तास कमळाच्या पाकळ्या मोजून दाखवल्या.

सगळ्यांत मोठी फसवणूक बिल्ल्याची, आणि ती फसवणूक कंपनीनं केली नाही, विकणाऱ्यांनीही फारशी नाही, छंदवाल्यांनी आपली आपणच करून घेतली. 1951 साली सिंगरला शंभर वर्षं झाली. त्या वेळी निघालेल्या मशिनींच्या बिल्ल्याला निळी कड आणि त्यावर 1851 ते 1951 असे आकडे. आता ज्याला ती सापडते तो छाती फुगवून फिरतो की आपल्याकडे शताब्दीची खास मशीन आहे. कसली खास? त्या काळात कारखान्यातून ज्या ज्या निघाल्या त्यांना सरसकट तो बिल्ला ठोकला. सिंगरचं मुळी कमी काहीच नाही. एकट्या क्लायडबँकनं 1913 साली तेरा लाख मशिनी बाहेर काढल्या. तेरा लाख! ज्या गोष्टीच्या एका वर्षात तेरा लाख बहिणी झाल्या, ती 'अत्यंत दुर्मीळ' म्हणून विकणाऱ्याचा आणि ती विकत घेणाऱ्याचा एकाच दिवशी सत्कार करायला पाहिजे.

पण गुरुजींना काय बोलायचं? ज्याच्या नावानं ती मशीन ओळखली जाते त्या माणसाचंच चरित्र ऐका, मग चौथीचं काहीच वाटणार नाही.

आयझॅक मेरिट सिंगर. जन्म 1811, न्यूयॉर्क राज्यातला. नुसता यंत्रवाला नव्हे, हा हाडाचा नट! 'मेरिट प्लेअर्स' नावाची स्वतःची फिरती नाटक मंडळी काढून गावोगाव खेळ करायचा. आपल्याकडे दिवाळीनंतर मंडई भरते, रात्रभर नाटकं चालतात, त्या झाडीपट्टीत हा माणूस जन्मला असता तर वडशाच्या एखाद्या कंपनीचा मालक झाला असता आणि आपण सगळे शिवणाचं काम हातानंच करत बसलो असतो. नाटक बुडालं तेव्हा पुन्हा यंत्रांकडे वळला. 1851 च्या ऑगस्टमध्ये पेटंट मिळवलं. शिवणयंत्राची कल्पना काही त्याची एकट्याची नव्हती. एलियस हाव 1846 मध्येच पेटंट घेऊन बसला होता. त्याच्याही आधी पॅरिसात थिमोनिए नावाच्या शिंप्यानं यंत्रं चालवली, तर 1831 मध्ये पोटावर पाय येतो म्हणून दुसऱ्या शिंप्यांनी घुसून ती फोडली. हावनं सिंगरला कोर्टात खेचलं आणि पैसे वसूल केले. पण नाव कोणाचं राहिलं? नटाचं.

आणि संसार! पहिली कॅथरिन, तिची दोन मुलं. मग मेरी अ‍ॅन, लग्न न करताच सौभाग्यवती सिंगर म्हणून मिरवली, तिची दहा. या मेरी अ‍ॅननं 1860 मध्ये न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर, म्हणजे भर रस्त्यात, महाशयांना दुसऱ्याच बाईसोबत बग्गीतून जाताना पकडलं. ती दुसरी बाई मेरी मॅकगॉनिगल, तिची पाच मुलं. चौकशी केली तर आणखी एक मेरी निघाली, तिची एक मुलगी. तीन मेऱ्या, एकाच शहरात, वेगवेगळ्या आडनावांनी! प्रकरण पोलिसांत गेलं, महाशय युरोपात पळाले आणि 1863 मध्ये इझाबेला बॉयरशी लग्न करून आणखी सहा मुलांचे बाप झाले. बेरीज करा. चोवीस. या इझाबेलाचाच चेहरा न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीला दिलाय अशी वदंता अजून फिरते. वदंताच ती, पण काय वदंता आहे! असा हा माणूस 1875 मध्ये इंग्लंडात, पेंटनला, राजवाड्यासारखं घर बांधता बांधता वारला.

आता यातली खरी मेख. 1924 साली दिल्लीत महात्मा गांधींना कोणी विचारलं, तुम्ही सगळ्याच यंत्रांच्या विरोधात आहात का. गांधीजींनी अपवाद म्हणून नाव घेतलं ते सिंगरच्या शिवणयंत्राचं. ही फार थोड्या उपयोगी शोधांपैकी एक गोष्ट आहे, असं त्यांचं म्हणणं पडलं. आणि कारण? बायको हातानं टाके घालत दमते, हे सिंगरला बघवेना, केवळ तिच्यावरच्या प्रेमापोटी त्यानं यंत्र शोधलं. आपल्या वर्ध्याच्या शेजारात सेवाग्राम वसवणाऱ्या बापूंना कोणी सांगितलं नाही वाटतं की, बापू, कोणत्या बायकोवरच्या? शिवणावर घर चालवणाऱ्या बायकोची गोष्ट सांगतात ती बहुधा हावची. पण बापूंच्या तोंडून सर्टिफिकेट गेलं सिंगरला. असं म्हणायचं की यंत्र चांगलं होतं, आणि यंत्राच्या चांगुलपणावर मालकाचं चारित्र्य धुऊन निघालं.

हा माल हिंदुस्थानात खपवला कोणी? मुंबईच्या एका पारशानं. नसरवानजी मेरवानजी पटेल हे सिंगरचे इथले मुख्य माणूस. हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन, सगळा मुलूख त्यांच्याकडे. अडचण काय होती, तर इथले पुरुष धोतर नेसतात, बायका लुगडं नेसतात, शिवायचं काय? पटेलांनी हार मानली नाही. शिंपी धरले, कारकुनांची घरं धरली. आणि काळ त्यांच्या बाजूनं होताच, सदरा आला, कोट आला, बायकांचं पोलकं आलं. पैसा एकदम नसेल तर हप्त्यानं घ्या, ही युक्ती सिंगरचा भागीदार, वकील एडवर्ड क्लार्क यानं 1856 मध्येच काढली होती. आज मोबाईलपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळं हप्त्यावर चाललंय त्याचं पाप-पुण्य बरंचसं या वकिलाच्या खात्यावर.

आपल्या भागात शिलाई मशीन दोन वाटांनी आली. एक शिंप्याची, दुसरी आंदणाची. पवनीला कोष्ट्यांचे माग होते, लुगड्याचा तोटा नव्हता. पण पोरीला आंदणात पितळेची भांडी आणि सोबत मशीन दिली की बापाची मान वर. रिकाम्या वेळी पोरगी चार पोलकी शिवेल, चार पैसे गाठीला बांधेल, नवऱ्यासमोर हात पसरणार नाही, हा त्यामागचा हिशोब कोणी बोलून दाखवत नसे, पण सगळ्यांना कळत असे.

ही आंदणातली मशीन पुढं पुढं सिंगर राहिली नाही, उषा झाली. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं 1930 च्या दशकात देशी मशीन बनवायला घेतली, पुढं ती कंपनी लाला श्रीराम यांच्याकडे गेली. घडणीनं ती सिंगरच्या 15 नंबरची जुळी बहीण. तीच गोल बॉबिन, तीच डबी, तीच सुई. लुधियान्याच्या कारखान्यांनीही तोच साचा धरला आणि वर पाहिजे ते नाव छापलं. युद्धानंतर जपाननं हेच केलं. म्हणून आजही शंभर वर्षांच्या 15के ला लागणारी बॉबिन भंडाऱ्याच्या साध्या दुकानात मिळते. मोटारगाडीच्या बाबतीत असं करून दाखवा!

छंदवाल्यांच्या पंगतीत मात्र उषाला पाटावर जागा नाही. ती 'नक्कल'. सिंगर इंडियाच्याच मेरिटला अलीकडे थोडी किंमत आली आहे. कारण काय, तर ते नाव खुद्द आयझॅकरावांचं, नाटकाच्या दिवसांतलं. पण उषाचं नाव काढलं की नाक मुरडतात. आणि इथंच गुरुजींचं बिंग फुटलं. चौथी आली त्याच संध्याकाळी मास्तरीणबाई ओट्यावर बसून चार जणींसमोर बोलल्या, अगदी शांतपणे, "माझ्या बापानं आंदणात उषा देल्ली होती. धाकट्याच्या फीच्या वर्षी यायनंच ते कबाड्याले देली. किलोवर." मायबाई! म्हणजे घरची चालती मशीन किलोनं विकायची आणि दुसऱ्याच्या घरची बंद पडलेली नगानं विकत आणायची! ओट्यावर अशी शांतता पसरली की आतून गुरुजींनी टॉर्च बंद केल्याचा खटका ऐकू आला म्हणतात.

कबाडी या धंद्यातला सगळ्यांत शहाणा माणूस. पूर्वी तो काय करायचा, तर मशीन आली की आधी बिल्ला उचकटायचा. पितळ वेगळं तोललं जातं, आणि हा तर पितळनगरी म्हणवणारा भंडारा जिल्हा, इथं पितळाची किंमत लेकराला ठाऊक. मग मुंडी वेगळी, स्टँड वेगळा, लाकूड चुलीला. आता त्याला कळलंय की बिल्ला जागेवर असला तर गुरुजी दुप्पट देतात. तोही आता गिऱ्हाईक पाहून 'व्हिंटेज' म्हणतो. हातात भिंग धरायचं तेवढं बाकी आहे.

स्टँडची गोष्ट तर ऐकवत नाही. बिडाचा, जाळीदार, मधोमध सिंगर लिहिलेला तो सुंदर पायडलाचा स्टँड. मुंडी काढून टाकतात, वर काच ठेवतात आणि पुण्या-मुंबईच्या कॅफेत त्यावर कॉफी देतात. पायडलावर पाय ठेवून बसलेली पोरं ते उगाच खालीवर करत राहतात, पट्टा नाही, चाक फिरत नाही. इंग्लंडात ऑलसेंट्स नावाच्या कपडेवाल्यांनी दुकानांच्या काचेमागं जुन्या मशिनींच्या रांगाच्या रांगा शोभेला मांडल्या आणि तिथल्या छंदवाल्यांच्या पोटात गोळा आला. इतकी सुतकी कळा की काय सांगू. गुरुजींचा एक मित्र तर म्हणतो, काचेच्या टेबलावर दिलेली कॉफी मी पीत नाही. इतर कुठं दिली तर पितो.

खुळेपणाची हद्द मात्र आपण नाही गाठली, ती गाठली सौदी अरेबियानं. 2009 च्या एप्रिलमध्ये तिथं अफवा उठली की जुन्या सिंगर मशिनीच्या सुईत 'लाल पारा' असतो, त्याच्यापासून अणुबॉम्ब बनतो, गुप्तधन सापडतं, आणखी काय काय. मोबाईल सुईजवळ नेला आणि रेंज गेली तर पारा आहे म्हणून समजा! लोकांनी दोन-दोन लाख रियाल मोजले. घराघरांतून मशिनी चोरीला गेल्या. लाल पारा नावाचा असा पदार्थच विज्ञानाला ठाऊक नाही. भारतातही तो लोकांनी जुन्या रेडिओ-टीव्हीत शोधला. आता कोंढ्यात मोबाईलची रेंज जायला सुईची गरज पडत नाही. त्या हिशोबानं आपल्याकडे गोठ्यातसुद्धा पारा निघेल. पण हसू नका. मशीन कुठं कुठं मिळते याची विचारपूस करत कोणी परका माणूस फिरला की म्हाताऱ्या बाया अजून विचारतात, "पाऱ्यावाला व्हय का गा तू?"

इकडं आपल्या सरकारनं 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना आणली. अठरा धंदे, त्यांत शिंपीही. अवजारांसाठी 15 हजारांपर्यंतची मदत. झालं, मोबाईलवर तिची 'फुकट शिलाई मशीन योजना' झाली आणि सेतू केंद्रापुढं आधार कार्ड घेतलेल्या बायांची रांग लागली. ज्यांनी जन्मात सुईत दोरा ओवला नाही त्याही रांगेत. नवी आली की जुनी ओसरीतून गोठ्यात, गोठ्यातून कबाड्याकडे. गुरुजींसारख्यांचे डोळे तिथंच लागलेले. काही म्हणा, सरकारी योजनेचा असा उपयोग योजना आखणाऱ्यांनी स्वप्नातही आणला नसेल.

चौथी मी स्वतः पाहून आले. निमित्त साखर मागायचं. गुरुजींनी खुशीनं दाखवली. दिवसा उजेडात. नवख्यानं करू नये ते सगळं त्यांनी आधी सांगितलं. स्पिरिट लावायचं नाही, नक्षीवरचं लाखेचं पॉलिश विरघळतं. तारेची घासणी तर पापच. मशिनीचंच पातळ तेल, जुनं मऊ धोतर आणि धीर. मग त्यांनी दोष दाखवले. पुढच्या कडेची सोनेरी नक्षी पार उडालेली, डाव्या हाताच्या तळव्याच्या रुंदीइतकी. "यानं किंमत उतरते," गुरुजी म्हणाले. आणि बिल्ला. पितळेचा लांबोडा बिल्ला, मधोमध मोठा एस, त्यावर आडव्या-तिडव्या सुया आणि शटल. त्या एसच्या खाचेत काहीतरी लालसर-पिवळं घट्ट बसलेलं. गुरुजी काडीला कापूस गुंडाळून ते कोरून काढायच्या बेतात होते. "शंभर वर्षांचा मळ," म्हणाले.

मास्तरीणबाई चहा घेऊन आल्या, वाकून पाहिलं आणि कप खाली ठेवायच्या आत गुरुजींच्या हातातली काडी काढून घेतली. "मळ नाही होय तो. दसऱ्याचं हळदीकुंकू होय."

तेच होतं. दर दसऱ्याला कोणीतरी त्या बिल्ल्याला हळदीकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, त्या दिवशी मशीन चालवली नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डावा हात त्या कडेवर ठेवून चाक फिरवलं. स्कॉटलंडातल्या कारखान्यानं असला नमुना काढला नव्हता. इंग्लंडातल्या संग्राहकांच्या संस्थेनं नंबरांच्या याद्या केल्या, नक्षीची नावं ठरवली, लंडनच्या टूटिंग भागात सहाशेच्या वर मशिनी मांडून संग्रहालय झालं. पण कुंकू बसलेल्या बिल्ल्याला त्यांच्या तक्त्यात नंबर नाही. माझं मत विचाराल तर ओळख पटवायची तर याची पटवा. स्फिंक्स काय, लाखांनी छापले गेले. ही खूण त्या एकाच मशिनीवर, आणि तीच गुरुजी कापसानं काढून टाकायला निघाले होते. उडालेल्या नक्षीचंही तसंच. छंदवाल्याच्या वहीत तो दोष. ज्या बाईच्या हातानं ती झिजली तिच्या घरचे त्याला कमाई म्हणतील. कदाचित दोन पोरांचं शिक्षण त्या सोन्यातून निघालं असेल.

कबाड्याला विचारलं, कोणाच्या घरची? त्याला घर आठवेना. वजन आठवत होतं.

खरा गुन्हा हाच, बाकी सगळी चेष्टा. चार आणा, चाळीस आणा, माडी खचेपर्यंत आणा. पण नंबर लिहिता त्या वहीत एक ओळ जास्त लिहा, की ही मशीन कोण चालवायचं. विकणाऱ्यांनाही सांगते. तुमच्या ओसरीत काळी मशीन असेल, सिंगर असो, उषा असो की लुधियान्याची बिननावाची, तर ती काढायच्या आधी आजीला विचारा, ती काय काय शिवायची, आणि एका चिठ्ठीवर तिचं नाव-गाव लिहून मशिनीच्या खणात ठेवा. मुंडी आणि स्टँड वेगळे विकू नका. बिल्ला उचकटू देऊ नका, कुंकू पुसू नका. चालत असेल तर विकूच नका, तेल द्या आणि चालवा. पाऱ्यावाला आला तर फाटकातूनच परत पाठवा. आणि गुरुजी आलेच टॉर्च घेऊन, तर चहा पाजा, पण त्यांनी गुडघे टेकायच्या आधी भाव सांगून टाका, कारण एकदा नंबर वाचून झाला की ते 'यात विशेष काही नाही' असा चेहरा करतात आणि तुम्ही फसता.